'ओल्ड' हा शब्द शिकविताना
(तळोजा येथील प्राथमिक शिक्षकांच्या बैठकीत शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीत इंग्रजीच्या अध्यापनावर काही बोलावे, अशी आपल्यापैकी अनेकांची सूचना होती. इंग्रजीच्या अध्यापनावर सर्वसाधारण बोलणे सोपे असते आणि त्याचा उपयोगही तितकाच सर्वसाधारण होतो. म्हणून मी एकच शब्द घेऊन आलो आहे. इंग्रजीत तो तीन अक्षरांत लिहितात, पहिलीतील मुलाला तो येतो, आणि आपण सर्वांनी तो शेकडो वेळा फळ्यावर लिहिला आहे. तो शब्द म्हणजे 'ओल्ड'.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीच्या वर्गापासून इंग्रजी शिकविण्यास प्रारंभ झाला. त्यापूर्वी मराठी शाळांत इंग्रजीचा श्रीगणेशा पाचवीत होत असे. तोपर्यंत मुलाच्या मराठीला बैठक आलेली असे आणि नवा शब्द आला की तो कोठे ठेवावा हे त्याला कळे. आता दोन्ही भाषा एकाच वेळी त्याच्या पुढ्यात येतात. तळोज्याच्या परिसरात तर प्रश्न आणखी गुंतागुंतीचा आहे. औद्योगिक वसाहतीमुळे एकाच वर्गात आगरी घरातील मूल, वाडीवरील कातकरी मूल, घरी उर्दू बोलणारे मूल आणि उत्तरेकडून कामासाठी आलेल्या कामगाराचे हिंदी बोलणारे मूल शेजारी शेजारी बसते. अशा वर्गाच्या भिंतीवर आपण शब्दतक्ता लावतो आणि त्यावर लिहितो, 'ओल्ड म्हणजे म्हातारा'. हे चूक आहे असे मी म्हणत नाही. मात्र ते इतके अपुरे आहे की त्याची चूक व्हायला वेळ लागत नाही.

शाळाभेटीच्या वेळी एका वर्गात बाईंनी एका मुलास विचारले, 'हाऊ ओल्ड आर यू?' मुलाने क्षणभर तक्त्याकडे पाहिले आणि निश्चयाने उत्तर दिले, 'मी म्हातारा नाही.' वर्ग हसला. मला मात्र त्या मुलाचे कौतुक वाटले. त्याला दिलेल्या सामग्रीवरून त्याने काढलेला निष्कर्ष अगदी बिनतोड होता. तक्ता खरा मानला तर प्रश्नाचा अर्थ 'तू किती म्हातारा आहेस?' एवढाच होतो, आणि सहा वर्षांच्या कोणत्याही स्वाभिमानी मुलाने त्याचे हेच उत्तर द्यावे. त्या दिवशी हसण्याजोगे काही असेल, तर ते भिंतीवर होते.

मग हा शब्द आहे तरी काय? त्याचे मूळ पाहिले तर एक मौजेची गोष्ट आढळते. 'ओल्ड' हा शब्द ज्या धातूपासून आला त्याचा अर्थ 'वाढणे, पोसणे' असा आहे. लॅटिनमध्ये त्याच धातूपासून पोसणे या अर्थाचे क्रियापद झाले, आणि त्यातून पुढे इंग्रजीत 'ॲडोलेसंट' म्हणजे किशोर व 'ॲडल्ट' म्हणजे प्रौढ हे शब्द आले. म्हणजे किशोर, प्रौढ आणि 'ओल्ड' ही एकाच घरातील भावंडे. मूळ कल्पना अशी की जो वाढला तो 'ओल्ड'. किती वाढला, हे पुढे सांगायचे. सहा वर्षे वाढला की 'सिक्स इयर्स ओल्ड', साठ वर्षे वाढला की 'सिक्स्टी इयर्स ओल्ड'. काल जन्मलेल्या बाळालाही इंग्रज 'वन डे ओल्ड' म्हणतो, आणि त्यात त्याला विनोद दिसत नाही.

आता आपल्याकडे पाहू. 'वृद्ध' हा शब्द संस्कृत 'वृध्' या धातूपासून आला. त्याचाही अर्थ वाढणे. 'वृद्धी' आणि 'वृद्ध' यांचे नाते आपण विसरतो, एवढेच. 'म्हातारा' हा शब्द 'महत्तर' यापासून आला असे व्युत्पत्तिकार सांगतात. 'महत्तर' म्हणजे अधिक मोठा. ज्याला आपण उंबऱ्याशी खोकत बसलेला म्हातारा म्हणतो, त्याच्या नावात मुळात मोठेपणा आहे. दोन दूरच्या भाषांनी माणसाच्या वयाकडे पाहताना वाढीचीच कल्पना निवडावी, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. 'थेरडा' या शब्दाची कथा तर अधिकच करुण आहे. संस्कृत 'स्थविर', त्याचे पालीत 'थेर'. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत 'थेर' हा शब्द ज्येष्ठ भिक्षूंसाठी आदराने आलेला आहे, आणि थेरवाद या बौद्ध संप्रदायाच्या नावातही तोच आहे. त्यालाच मराठीत 'डा' चिकटला आणि आदराची शिवी झाली. शब्द म्हातारे होतात तेव्हा त्यांची अशीही दशा होते.

परंतु मराठीत म्हातारपणाचे दुसरेही एक घराणे आहे, आणि आपल्या विषयाची खरी गोम तेथे आहे. संस्कृत 'जॄ' या धातूचा अर्थ झिजणे, विरणे, पचणे. त्यापासून 'जरा', 'जरठ', 'जीर्ण'. न पचलेले ते 'अजीर्ण'. 'जीर्ण' यापासून 'जुना' आणि त्याचाच भाऊ 'जून'. जुन्नर या गावाचे नाव 'जीर्णनगर' यापासून आले असे सर्वसाधारणपणे मानतात. ग्रीक भाषेत याच धातूचा वृद्धवाचक शब्द झाला, आणि मोठ्या रुग्णालयांत वृद्धांच्या विकारांसाठी जो 'जेरिॲट्रिक' विभाग असतो त्याच्या नावात तो आजही आहे.

म्हणजे मराठीजवळ दोन वेगळ्या कल्पना आहेत. एक वाढण्याची, दुसरी झिजण्याची. माणूस वाढून वृद्ध होतो, वस्तू झिजून जुनी होते. इंग्रजाने दोन्ही गोष्टींना एकच शब्द लावला. त्याची आजीही 'ओल्ड' आणि छत्रीही 'ओल्ड'. आपले मूल घरातून हा भेद घेऊन शाळेत येते. ते कधीही 'म्हातारी छत्री' म्हणणार नाही. आपला तक्ता मात्र त्याला तसे म्हणावयास लावतो, आणि ते म्हणाले की आपण त्याला 'ढ' ठरवितो.

हा शब्द कसा शिकवावा, याविषयी माझी सूचना साधी आहे. अर्थ सांगू नका, उलट शब्द विचारा. 'माझी पाटी जुनी आहे, मग तुझी कशी?' 'नवी.' 'माझे आजोबा म्हातारे आहेत, मग तुझा काका कसा?' 'तरुण.' मुलाच्या तोंडून उलट शब्द आला की मूळ शब्दाची जागा आपोआप ठरते. 'ओल्ड' याच्या समोर कधी 'न्यू' उभा राहतो, कधी 'यंग'. हे दोन शब्द मुलाला ठाऊक असले की कोणता 'ओल्ड' कोठे, याचा घोळ पुष्कळसा संपतो.

हे काम करू लागलात म्हणजे आपली भाषा या बाबतीत किती सधन आहे ते आपल्याच ध्यानात येईल. नव्याच्या उलट जुना. तरुणाच्या उलट म्हातारा. कोवळ्याच्या उलट जून. ताज्याच्या उलट शिळा. धाकट्याच्या उलट थोरला. अर्वाचीनाच्या उलट प्राचीन. विद्यमान सरपंचाच्या उलट माजी सरपंच. यांपैकी बहुतेक ठिकाणी इंग्रजीत 'ओल्ड' कोठे ना कोठे डोकावतो. शिळ्या भाकरीसाठी मात्र त्यांना 'स्टेल' हा वेगळा शब्द काढावा लागला. पनवेलच्या बाजारात भेंडी घेताना आपली आई टोक मोडून पाहते. टोक पटकन मोडले तर कोवळी, वाकले तर जून. ती भेंडी आज सकाळी तोडलेली असेल, म्हणजे ताजी असेल, तरीही ती जून असू शकते. उलट कोवळी भेंडी दोन दिवस टोपलीत राहिली तर ती शिळी होईल, जून होणार नाही. एवढा बारकावा आपली सात वर्षांची मुलगी बाजारातून शिकून येते. भाताचेही तसेच. आपला प्रदेश भाताचा. जुना तांदूळ मोकळा शिजतो, नव्याचा भात चिकट होतो, हे येथील प्रत्येक घरात ठाऊक आहे. त्या ठिकाणी 'जुना' हा दोष नसून गुण आहे. 'जुनाट' म्हटले की मात्र दोष येतो. जुनाट खोकला, जुनाट चाल. एका 'ट'ने केवढे काम केले!

माणसालाही आपण कधीकधी 'जुना' म्हणतो, पण त्याचा अर्थ निराळा. 'ते जुने शिक्षक आहेत' याचा अर्थ ते पुष्कळ वर्षे शिक्षक आहेत. त्यांचे वय पंचेचाळीसही असेल. 'जुना मित्र' म्हणजे जुन्या ओळखीचा मित्र. तिसरीतील मुलालाही बालवाडीपासूनचा जुना मित्र असतो. इंग्रजीतील 'ओल्ड फ्रेंड' या शब्दांवरून मित्र म्हातारा की मैत्री जुनी, हे मागच्यापुढच्या संदर्भावाचून कळत नाही. मराठीत ते एका शब्दात कळते.

गावांच्या नावांकडे वळलो तर उदाहरणांसाठी आपणांस दूर जावे लागत नाही. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि खाडीपलीकडे नवे शहर उभे राहू लागले. त्याच ओघात नवीन पनवेल झाले. त्याबरोबर, काही एक न करता, पूर्वीचे पनवेल 'जुने पनवेल' झाले. २००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि चालता-बोलता रस्ता एका दिवसात 'जुना' झाला. त्या रस्त्यावर आजही वाहनांची रीघ आहे. तो झिजला म्हणून त्यास जुना म्हणत नाहीत, दुसरा आला म्हणून म्हणतात. गोव्यात राजधानी पणजीस गेल्यावर मागे राहिली ती 'ओल्ड गोवा', आपल्या भाषेत जुने गोवे. 'ओल्ड' याचा हा तिसरा अर्थ, 'पूर्वीचा'. इंग्रजीत 'माय ओल्ड स्कूल' म्हणजे मी पूर्वी जेथे शिकलो ती शाळा. तिची इमारत कालच बांधलेली असू शकेल. आपला जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा होता, तेव्हा 'कुलाबा' हे रायगडाचे 'ओल्ड नेम'. आणि याच न्यायाने 'ओल्ड स्टुडंट' म्हणजे माजी विद्यार्थी. एका स्नेहसंमेलनाच्या फलकावर त्याचे भाषांतर 'वृद्ध विद्यार्थी' असे केलेले मी पाहिले आहे. फलकाखाली बसलेली मंडळी तिशीतील होती.

खरेखुरे वृद्ध विद्यार्थी पाहावयाचे असतील तर मुरबाड तालुक्यातील फांगणे येथे जावे. तेथे जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षक श्री. योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठी ओलांडलेल्या स्त्रिया गुलाबी नऊवारी नेसून, दप्तर घेऊन दुपारी वर्गात बसू लागल्या. आपल्यासारख्याच एका प्राथमिक शिक्षकाने हे केले, म्हणून मुद्दाम सांगितले.

भावाबहिणींच्या बाबतीत उलट प्रकार आहे. येथे इंग्रजी अधिक काटेकोर आणि आपण ढिले. आपण 'मोठा भाऊ' म्हणतो, आणि 'मोठा' हा वयासही चालतो व आकारासही. म्हणून आपली मुले 'बिग ब्रदर' लिहितात. इंग्रजीत त्यासाठी 'एल्डर' असा वेगळा शब्द आहे. 'ओल्ड' याचेच ते जुने तरतमरूप. पुढे 'ओल्डर' हे सरळ रूप रूढ झाले आणि 'एल्डर' घरातील नात्यांपुरते मागे राहिले. 'एल्डर' याच्यापुढे 'दॅन' येत नाही, एवढी खूणगाठ आपण स्वतः बांधून ठेवावी; मुलांना नियम सांगण्याची घाई नको. संस्कृतातही असेच आडवळण आहे. पाणिनीने 'ज्येष्ठ' हे रूप 'वृद्ध' याचे म्हणूनही सांगितले आणि 'प्रशस्य' म्हणजे स्तुत्य याचे म्हणूनही. वयाने सर्वांत मोठा तोही ज्येष्ठ, गुणाने सर्वांत मोठा तोही ज्येष्ठ.

जुन्या मराठीत यासाठी 'थोरला' आणि 'वडील' हे नेमके शब्द होते. थोरले बाजीराव, थोरले माधवराव. माळव्यात पवारांची देवास येथे दोन संस्थाने होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. इंग्रज अंमलदारांनी त्यांचे भाषांतर 'देवास सीनिअर' आणि 'देवास ज्युनिअर' असे केले. कोणी 'ओल्ड देवास' म्हटले असते तर गाव जुने झाले असते, गादीचा मान गेला असता. त्या भाषांतरकर्त्यास दोन्ही भाषा येत होत्या, हे उघड आहे. 'सीनिअर' हा शब्द लॅटिन. त्याचे नाते आपल्या 'सनातन' यातील 'सन' या शब्दाशी आहे. विद्यापीठाची 'सिनेट' म्हणजे मुळात वृद्धांची सभा. 'वडील' या शब्दाचेही आता हाल आहेत. 'वडील बंधू' असे पाठात आले की मुले विचारतात, 'गुरुजी, वडील की बंधू?' त्यांच्या दृष्टीने वडील म्हणजे बाप. वयाने मोठा हा त्याचा मूळ अर्थ 'वडीलधारे' या शब्दात शिल्लक आहे. तेवढा धागा धरून मुलांना तो दाखवून द्यावा.

येथे एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. आगरी घरातील मूल 'बापूस', 'आयस', 'आजूस' म्हणते. खानदेशात 'डोकरा-डोकरी' म्हणतात, विदर्भात 'बुढा-बुढी', गोव्यात 'जाणटो'. यांतला कोणताही शब्द अशुद्ध म्हणून फळ्यावरून पुसू नये. 'आजूस' पुसून 'आजोबा' आणि मग 'आजोबा' पुसून 'ग्रँडफादर', अशा दोन उड्या मुलाला एकाच सकाळी माराव्या लागतात. त्यापेक्षा 'आजूस' आणि 'ग्रँडफादर' शेजारी शेजारी लिहिले तर काय बिघडते? पुस्तकी शब्द वाचनातून येतच राहील.

आता मी ज्या कारणासाठी हा शब्द निवडला त्याकडे येतो. तिसरी-चौथीच्या मुलांना 'माझी आजी' या विषयावर इंग्रजीत पाच ओळी लिहावयास सांगण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मी अशा अनेक वह्या पाहिल्या. बाजारी मार्गदर्शिकांतून आलेली वाक्ये त्यात एकसारखी असतात. आजी 'ओल्ड' आहे. आजी 'वीक' आहे. तिला दिसत नाही, ऐकू येत नाही. आणि शेवटी, मी तिला मदत करतो. मुलाच्या शब्दसंग्रहात 'ओल्ड' आणि 'वीक' ही जोडी इतकी घट्ट बसते की पुढे ती सुटत नाही. त्याच मुलीला मी मराठीत विचारले, 'आजी काय करते ग?' ती म्हणाली, 'आजी पहाटे उठून भाकऱ्या करते, शेतावर जाते, सुकी मासळी निवडते, आणि आम्हांला ओरडते.' यांतले एकही वाक्य वहीत नव्हते. आजी वहीत गेली आणि दुबळी झाली. भाषा शिकविताना आपण त्या मुलीच्या आजीविषयी एक खोटी गोष्ट तिच्याच हाताने लिहून घेतली. त्यापेक्षा 'माय ग्रँडमदर मेक्स भाकरी' हे वाक्य मला शतपटीने अधिक मोलाचे वाटेल. भाकरीला इंग्रजी शब्द न सापडल्याने काही अडत नाही.

इंग्रज लोकही हा शब्द माणसाच्या तोंडावर वापरताना जपतात. 'यू आर ओल्ड' असे कोणी कोणास सहसा म्हणत नाही. म्हणून 'सीनिअर सिटिझन' हा शब्द निघाला आणि आपण त्याचे 'ज्येष्ठ नागरिक' केले. २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणविषयक कायद्याने साठ वर्षे वयाच्या नागरिकास ज्येष्ठ ठरविले आहे, आणि मुलांनी सांभाळ न केल्यास निर्वाहखर्च मागण्याचा हक्क आईवडिलांस दिला आहे. असा कायदा करण्याची वेळ यावी, यावर मी अधिक काही बोलत नाही. मुंबईच्या कमला नेहरू उद्यानातील म्हातारीचा बूट सहलीस गेलेल्या मुलांना फार आवडतो. तो एका इंग्रजी बालगीतातील म्हातारीचा आहे. पण मुलांच्या लक्षात राहतो तो बूट. म्हातारीच्या घरी एवढी मुले होती आणि ती सारी ती एकटी सांभाळत होती, हे त्यांना कोणी सांगत नाही. सहलीस जाल तेव्हा सांगावे.

'हाऊ ओल्ड' हा प्रश्न वर्गात विनोदाचा असेल, शाळेच्या कपाटापाशी तो विनोदाचा राहत नाही. आपण मराठीत वय दोन रीतींनी सांगतो. 'पोराला सहावे लागले' आणि 'पोराला सहा पुरी झाली' यांत एका वर्षाचे अंतर आहे. इंग्रजीत 'सिक्स इयर्स ओल्ड' म्हणजे सहा पूर्ण. प्रवेशाच्या वेळी आजी म्हणते 'सहावे चालू आहे' आणि अर्जावर आपण सहा लिहितो. मूल कागदावर एक वर्षाने मोठे झाले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वयाच्या मुलास मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क दिला आहे, आणि वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारू नये असेही त्यात स्पष्ट आहे. वाडीवरच्या मुलाजवळ कागद नसेल तर त्यास परत पाठवू नका. पण वय विचारताना 'लागले की पुरे झाले' एवढा एक प्रश्न अधिक विचारा.

जन्म-मृत्यूची नोंद १९६९ च्या कायद्याने देशभर सक्तीची झाली. त्यापूर्वी जन्मलेल्या अनेकांची जन्मतारीख शाळेच्या जनरल रजिस्टरखेरीज कोठेही नाही. त्या काळी पालक मुलाला घेऊन येत, गुरुजी अंदाजाने वर्ष ठरवीत, आणि शाळा जूनमध्ये उघडत असल्याने तारीख लिहीत १ जून. महाराष्ट्रात १ जूनला जन्मलेल्या माणसांची एवढी गर्दी का, याचे उत्तर आपल्या व्यवसायात आहे. त्या एका ओघवत्या ओळीवर पुढे नोकरीची निवृत्ती ठरली, निवृत्तिवेतन ठरले. आज श्रावणबाळ योजनेसाठी पासष्ट वर्षे वय दाखवावे लागते, तेव्हा ती वृद्ध माणसे दाखला मागावयास आपल्याच दारी येतात. जुनी रजिस्टरे कसरीने खाल्लेली, पाने सुटलेली. मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे की, या महिन्यात ती बाहेर काढून ऊन दाखवावे, सुटी पाने क्रमवार लावावीत आणि दाखला मागणाऱ्यास 'उद्या या' म्हणू नये. ज्याच्या वयाचा प्रश्न आहे त्याला चालत यावयाचे असते.

आणि जी कधी शाळेत गेलीच नाहीत, त्यांचे काय? त्यांचे वय आकड्यांत नसते, घटनांत असते. आपल्या जिल्ह्यात असे मैलाचे दगड पुष्कळ आहेत. २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरला जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला. १७ जुलै १९४७ रोजी, गटारी अमावस्येच्या दिवशी, मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात भूमिपुत्रांच्या आंदोलनावर गोळीबार होऊन पाच जण हुतात्मे झाले. २६ जुलै २००५ चा महापूर तर आपण सर्वांनी पाहिला. एखादी आजी म्हणते, 'रामदास बुडाली तवा मी चालाय लागली होती.' तिने आपले वय सांगितले आहे. हिशेब आपण करावयाचा. ही 'हाऊ ओल्ड आर यू' या प्रश्नाची अस्सल उत्तरे आहेत, आणि मुलांच्या गणितासाठी, इतिहासासाठी आणि इंग्रजीसाठीही त्यांच्याहून चांगले साधन छापून मिळणार नाही.

तेव्हा पुढील बैठकीपूर्वी एवढे करावे. चौथीच्या प्रत्येक मुलाने घरातील किंवा शेजारच्या एका वृद्ध व्यक्तीस विचारावे की, आठवते ती सर्वांत पहिली मोठी घटना कोणती आणि तेव्हा आपण केवढे होता. उत्तर ज्या बोलीत मिळेल त्याच बोलीत लिहावे, सुधारू नये. मग त्यावरून वय काढून त्याचे एक वाक्य इंग्रजीत लिहावे. 'ओल्ड' हा शब्द त्यात आला पाहिजे, 'वीक' येता कामा नये. आपापल्या गावात भाजीला, भांड्याला, गुराला, होडीला आणि माणसाला 'जुने' या अर्थी कोणकोणते वेगळे शब्द लावतात, त्यांची यादी शिक्षकांनी स्वतः करावी. होडीसाठीचे शब्द कोळी बांधवांकडून मिळतील. तेथे मी स्वतः काही ऐकण्यास उत्सुक आहे. 'ओल्ड म्हणजे म्हातारा' हा तक्ता ज्या वर्गांत आहे तो फाडू नये. त्याच्याच खाली 'जुना', 'पूर्वीचा', 'वर्षांचा' हे तीन शब्द मुलांकडून लिहून घ्यावेत. कागद महिनाअखेरपर्यंत केंद्रप्रमुखांकडे द्यावेत. द्विशिक्षकी शाळांनी एकत्रित एकच यादी दिली तरी चालेल.